‘आधी काय करणार?’ : व्यसनोपचार नर्सिंग परीक्षेच्या तयारीच्या नोंदी

६ जानेवारी, सोमवार

परीक्षेला जेमतेम अकरा आठवडे उरलेत. गट ठरला: सहा सिस्टर आणि एक ब्रदर. चौघी व्यसनोपचार वॉर्डातल्या, दोघी ओपीडीच्या, ब्रदर कॅज्युअल्टीचे. सगळ्यांत नव्या सिस्टरलाही या कामात तीन वर्षं झालीत. काम त्यांना येतंच, ते शिकवायला मी बसलेली नाही. येतं ते चार पर्यायांच्या कागदावर कसं उतरवायचं, एवढंच माझं काम, असं आज तरी वाटतंय.

बसायचं आठवड्यातून दोनदा, पाळ्या जुळतील तसं, दीड तास. नाइट करून आलेल्या माणसाला त्या दिवशी बसवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. झोप मोडून केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही आणि वॉर्डात चूक होते ती वेगळीच.

डिसेंबरभर बसून मी औषधांची फाइल तयार केली आहे. प्रत्येक औषधाचं एक पान: काम कसं करतं, मात्रा, दुष्परिणाम, कधी द्यायचं नाही. आज सगळ्यांना प्रती दिल्या.

९ जानेवारी, गुरुवार

पूर्वचाचणी घेतली, ५० प्रश्नांची. संध्याकाळी पेपर तपासताना दोनदा उठून फिरून आले, कारण माझा अंदाजच चुकला होता.

औषधांच्या प्रश्नांत बहुतेकांना चांगले गुण आहेत. नाल्ट्रेक्सोन, मेथाडोन, डायसल्फिराम, सगळं पाठ. चुकलेले प्रश्न एकाच जातीचे निघाले: ‘अशा वेळी नर्सने सर्वप्रथम काय करावं?’

एक प्रश्न इथे उतरवून ठेवते. रुग्णाने दहा तासांपूर्वी शेवटची दारू घेतली. हात थरथरतायत, कपाळावर घाम, नाडी ११८, घरी जायचं म्हणतोय. सर्वप्रथम काय? पर्याय: डॉक्टरांना कळवणं, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देणं, विड्रॉवलची (नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची) तीव्रता मोजणं, घरी जाण्याचे धोके समजावणं. सातांपैकी पाच जणांनी डॉक्टरांना कळवणं निवडलं. उत्तर आहे तीव्रता मोजणं.

एका सिस्टरला विचारलं, का निवडलंत? ती म्हणाली, “मॅडम, आम्ही तेच करतो ना. फोन लावतो. मग डॉक्टर विचारतात स्कोअर किती, मग आम्ही जाऊन मोजतो.”

या उत्तराने माझे डोळे उघडले. ज्ञान कमी नाही. वॉर्डात रोज ज्या क्रमाने हात चालतात तोच क्रम डोक्यात बसलाय आणि पेपरात तोच उतरतोय. मग मी केलेली जाडजूड फाइल यांच्या अडचणीला हातच लावत नाही. नको असलेल्या जागी मी महिनाभर खणत बसले होते.

१४ जानेवारी, मंगळवार

फाइल बाजूला ठेवली. संदर्भासाठी राहू दे, शिकवायला नको.

भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली. तिच्यावर ० ते ९६ तासांच्या खुणा केल्या. शून्य म्हणजे शेवटचा घोट. प्रत्येकाच्या हातात लक्षणांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, आपापल्या जागी लावा. थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थपणा सगळ्यांनी सहाव्या-आठव्या तासाच्या आसपास बरोबर लावले. फिट मात्र तिघींनी डिलिरियमच्या (भान हरपून होणाऱ्या गंभीर गोंधळाच्या) पुढे, तिसऱ्या-चौथ्या दिवसावर नेऊन चिकटवली. फिट येतात त्या साधारण ६ ते ४८ तासांत, डिलिरियम ट्रेमेन्स सहसा ४८ ते ९६ तासांत. मधे १२ ते २४ तासांच्या आसपास काहींना भास होतात, पण त्या वेळी माणूस शुद्धीवर असतो. आपण कुठे आहोत, आज कुठला वार आहे हे सांगतो. डिलिरियममध्ये तेच सुटतं. हा फरक पट्टीवर समोरासमोर दिसला आणि दोघीतिघींनी लगेच वहीत उतरवला.

पट्टीचा खरा उपयोग पुढे झाला. ब्रदरनी विचारलं, “शून्य कुठनं धरायचं? दाखल झाल्यापासून?” नाही. शेवटच्या घोटापासून. शिवाय भरपूर पिण्याची सवय असलेल्याच्या रक्तात दारू असतानाही विड्रॉवल सुरू होऊ शकतो. ‘अजून वास येतोय, म्हणजे वेळ आहे’ हा हिशोब खरा नाही.

इथे मी त्यांना माझा एक रुग्ण सांगितला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी शस्त्रक्रिया वॉर्डात होते. शिडीवरून पडून पाय मोडलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. दाखल करून घेताना मी अ‍ॅलर्जी विचारली, साखर विचारली, दारू विचारली नाही. सभ्य दिसत होता म्हणून विचारायचा संकोच वाटला. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरून उठून भिंतीवरचे किडे झटकायला लागला. आम्ही त्याला बांधून ठेवलं. ऑपरेशननंतरचा गोंधळ असेल असं समजून पहाटेपर्यंत तसंच चाललं. मग आयसीयूत गेला, वाचला. त्याच्या मनगटांवरचे वळ मला अजून दिसतात. एक प्रश्न विचारायचा राहिला होता, ‘शेवटची कधी घेतलीत?’, आणि तो विचारायची जबाबदारी माझी होती.

खोलीत कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने एका सिस्टरने उठून शून्याच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘तारीख नाही, तास लिहा.’

२१ जानेवारी, मंगळवार

आज सीवा-एआर, म्हणजे दारूच्या विड्रॉवलची तीव्रता मोजायचं मापन. ओपीडीच्या एका सिस्टरला रुग्ण केलं, तिला भूमिका नीट लिहून दिली होती, आणि बाकी सहा जणांनी एकामागून एक तिचा स्कोअर काढला. आकडे आले ९ ते १९. माणूस तोच, लक्षणं तीच. साधारण ८ ते १० च्या खाली औषधाची गरज सहसा नसते आणि १५ च्या वर गेलं की गंभीर धरतात. म्हणजे एकीच्या हिशोबाने या रुग्णाला थांबवून बघायचं आणि दुसरीच्या हिशोबाने तातडीने औषध द्यायचं.

फरक कुठे पडला ते एकेक मुद्दा घेऊन बघितलं. थरथर बघताना चौघींनी हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगितलंच नाही, मांडीवरचे हात बघून आकडा टाकला. घामाबद्दल दोघींनी “घाम येतोय का?” असं विचारलं. घाम बघायचा असतो, कपाळावर आणि तळव्यावर. डोकेदुखीच्या मुद्द्यात चक्कर किंवा डोकं हलकं वाटणं धरायचं नाही, हे एकीलाच ठाऊक होतं.

दहा मुद्दे, नऊ मुद्द्यांना ० ते ७, भानाच्या मुद्द्याला ० ते ४, मिळून ६७. हे गणित सगळ्यांना पाठ. पण यात नाडी आणि रक्तदाब मोजले जात नाहीत, हे ऐकून निम्म्या जणी चकित झाल्या. ते शेजारी लिहायचे असतात, बेरजेत येत नाहीत. ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइन, मॉर्फिनच्या जातीच्या द्रव्यांच्या) विड्रॉवलसाठीच्या काऊज मापनात मात्र नाडीला गुण आहेत. ही दोन मापनं एकमेकांत मिसळून प्रश्न घालणं परीक्षकाला अगदी सोपं आहे.

आणखी एक गोष्ट, परीक्षेपेक्षा वॉर्डासाठी जास्त महत्त्वाची. या मापनातले बरेच मुद्दे रुग्णाने बोलून सांगायचे असतात. जो बोलूच शकत नाही, ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्यावर हे मापन चालत नाही. तिथे आकडा काढून समाधान मानणं धोक्याचं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) घेणाऱ्याची नाडी आणि थरथर दबलेली असते, तीही फसवते.

पुढच्या आठवड्यापासून जोड्या करून वॉर्डातच मोजायचं ठरलं: एकाच रुग्णाला दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे. इन्चार्ज सिस्टरनी परवानगी दिली.

२७ जानेवारी, सोमवार

ओपिऑइड. आजचा दिवस ब्रदरचा होता.

ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध) लवकर दिलं तर रुग्ण का बिघडतो, हे मी खुर्च्यांवर दाखवलं. रिसेप्टर, म्हणजे मेंदूत औषध जिथे चिकटतं ती जागा, ही खुर्ची. हेरॉइन किंवा मॉर्फिन त्यावर पूर्ण रेलून बसलेलं आहे. ब्युप्रेनॉर्फिन येतं, त्याची पकड जास्त घट्ट, ते बसलेल्याला उठवतं आणि स्वतः मात्र काठावर अर्धवटच टेकतं. शरीराला पूर्ण भार हवा होता, मिळाला अर्धा. एका क्षणात सगळी लक्षणं अंगावर येतात. म्हणून खुर्ची आपोआप रिकामी व्हायला लागेपर्यंत थांबायचं. कमी वेळ टिकणाऱ्या ओपिऑइडनंतर साधारण १२ ते २४ तास, जास्त वेळ टिकणाऱ्या मेथाडोननंतर त्याहून बरंच जास्त. नुसतं घड्याळ बघून भागत नाही. काऊजवर निदान सौम्य ते मध्यम विड्रॉवल दिसायला हवा. ११ मुद्दे, कमाल ४८. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम. आणि गोळी जिभेखाली, गिळायची नाही. गिळली की यकृतातच बहुतेक संपते.

मग ब्रदर बोलले. नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध) देऊन शुद्धीवर आणलेला माणूस चिडलेला असतो, अंग मोडून आलेलं असतं, त्याला तडक बाहेर जायचं असतं. ब्रदरनी सांगितलं, “मी त्याला आधी ‘थांबा’ म्हणत नाही. मी म्हणतो, तुम्हाला आत्ता फार त्रास होतोय, तो मीच दिलेल्या औषधाने होतोय. हे औषध तासाभरात उतरेल. तुम्ही घेतलेलं त्यापेक्षा जास्त वेळ टिकू शकतं. ते परत चढलं आणि तुम्ही एकटे असलात तर श्वास बंद पडेल. तोवर इथे बसा, पांघरूण देतो.” नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटं टिकतो, हे वाक्य माझ्या फाइलमध्ये होतं. त्याचा उपयोग कसा करायचा हे ब्रदरच्या बोलण्यात होतं. मी त्यांना तेच पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.

याच ओघात एक धोक्याची सूचना दिली. ‘आधी मोजा’ हे उत्तर आता त्यांच्या तोंडी बसायला लागलंय. श्वास मिनिटाला सहा, ओठ निळे, हाक मारून उठत नाही, असा रुग्ण प्रश्नात असेल तर तिथे काऊजचा कागद काढायचा नाही. श्वासमार्ग मोकळा करायचा, श्वास द्यायचा, नॅलॉक्सोन द्यायचं. मापन त्याच्यासाठी आहे ज्याच्याकडे मोजण्याइतका वेळ आहे.

मेथाडोन उद्यावर ढकलणार होते, पण एक मुद्दा आजच घेतला: ते शरीरात साठत जातं. पहिल्या दिवशी सोसलेली मात्रा तिसऱ्या दिवशी जड पडू शकते. पहिल्या आठवड्यात रुग्ण ‘आज जरा पेंगुळलाय’ असं हँडओव्हरमध्ये आलं तर पुढची मात्रा देण्याआधी थांबून बघायचं. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबतो, तेही याच औषधाचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

दारू आणि तंबाखू सोडवायची औषधं एका बैठकीत उरकली, कारण ती त्यांना येतात. फक्त प्रश्न उलटा केला: कोणाला द्यायचं नाही? मूत्रपिंड फार बिघडलेल्याला अकॅम्प्रोसेट नाही. ओपिऑइड घेणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन नाही, ७ ते १० दिवस मोकळे जायला हवेत. गेल्या १२ तासांत दारू घेतलेल्याला डायसल्फिराम नाही, आणि ते बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया होऊ शकते. फिटचा आजार असलेल्याला ब्युप्रोपिऑन नाही. यकृत खराब असताना बेन्झोडायझेपिन या शामक औषधांमधून लोराझेपाम किंवा ऑक्झेझेपाम.

थायमिन आणि ग्लुकोजवर थोडा वाद झाला. थायमिन आधी, हे सगळ्यांनी शिकलेलं. पण साखर धोकादायक उतरली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही, दोन्ही बरोबर द्यायचं. गोंधळ, तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं ही वेर्निकेची (थायमिन कमी पडल्याने होणाऱ्या मेंदूच्या आजाराची) तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. तिघांची वाट बघत बसू नका, असं बजावलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बोलण्याचा सराव. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलाचं कारण रुग्णाच्याच तोंडून यावं अशी बोलण्याची पद्धत. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये हा विचार पहिल्यांदा मांडला, पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर वाढवला. नावं-सालं एवढी पुरे. पेपरात येतात ती वाक्यं.

मी रुग्ण झाले. म्हटलं, “मला काही व्यसनबिसन नाही सिस्टर, बायको उगाच मागे लागली म्हणून आलो.”

सिस्टरचं पहिलं उत्तर: “पण काका, तुमचे लिव्हरचे रिपोर्ट बघा ना.” मायेने म्हटलं होतं. तरी रुग्णाच्या खुर्चीत बसल्यावर मला आतून वाद घालावासा वाटला, आणि मी तो घातला. पाच मिनिटांत मी माझ्या पिण्याचा वकील झाले होते.

दुसऱ्यांदा तिने म्हटलं, “तुमची स्वतःची इच्छा नव्हती, घरच्यांसाठी आलात.” आणि थांबली. ते थांबणं महत्त्वाचं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “इच्छा नव्हती असं नाही… सकाळी हात थरथरतात हे खरंय.” बदलाच्या बाजूचं पहिलं वाक्य रुग्णाकडून आलं. यानंतर काय म्हणायचं, हाच परीक्षेतला प्रश्न असतो, आणि सल्ला देणारा पर्याय तिथे नेहमी फार समंजस दिसतो. त्याला हात लावू नका. “थरथरतात तेव्हा काय करता?” असा उघडा प्रश्न निवडा.

मग शब्दांवर आलो. हँडओव्हरमध्ये ‘सात नंबरचा बेवडा’, ‘तो गर्दुल्ला परत आलाय’ हे मी याच आठवड्यात ऐकलं आहे, आणि गटातल्या माणसांकडूनच. मी नाव न घेता सांगितलं. मला हे फार लागतं. सात नंबरला नाव आहे. रात्री ‘बेवडा’ म्हणून ज्याचा चार्ज घेतला त्याचं दुखणं सकाळी खरं वाटत नाही, हे मी पाहिलंय. ‘युरीन डर्टी’ लिहू नका. काय सापडलं ते लिहा. आणि काय सापडत नाही तेही माहीत असू द्या: ओपिएटची साधी पट्टी मॉर्फिनच्या जातीचं पकडते, फेंटानिल आणि मेथाडोन तिच्यात दिसत नाहीत. ‘पट्टी निगेटिव्ह, म्हणजे रुग्णाने खोटं सांगितलं’ असं लिहिणारी नर्स स्वतःच चुकलेली असू शकते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक सिस्टर सलग दोन बैठकींना आली नाही. पाळी बदलली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. आज तिचाच फोन आला. घरात जवळच्या माणसाची दारू आहे, वर्षानुवर्षं. त्या दिवशी मी रुग्णाच्या भूमिकेत जे बोलले ते शब्दशः तिच्या घरातलं होतं. “दुसऱ्यांच्या माणसांशी मी शांतपणे बोलते मॅडम. घरी एकदाही बोलता आलं नाही.”

मी तिला परीक्षेचं काहीच म्हटलं नाही. ऐकलं. शेवटी एवढंच सांगितलं की घरच्यांसाठीही गट असतात, आणि घरी तिने नर्स व्हावं अशी कोणाची अपेक्षा असूच नये. यायचं की नाही ते तिने ठरवावं.

फोन ठेवल्यावर पुढच्या सरावाची रचना बदलली. भूमिका आधी सांगायची, कोणालाही बाहेर बसायची मुभा द्यायची, आणि शेवटी पाच मिनिटं ‘हे करताना मला काय झालं’ यासाठी ठेवायची. हा विषय परीक्षेतही आहे, नर्सच्या स्वतःच्या भावना रुग्णसेवेत कशा शिरतात म्हणून. मी त्याला एक ओळ दिली होती. चुकलंच माझं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी चाचणी, १०० प्रश्न, वेळ लावून. ‘सर्वप्रथम’चे प्रश्न आता बहुतेक बरोबर. फोनवर बोललेली सिस्टर आली होती, शेवटच्या रांगेत बसली, पेपर पूर्ण सोडवला.

एका प्रश्नावर मात्र सातांपैकी पाच पुन्हा चुकले आणि त्यावर तासभर गेला. सहकारी नर्स नियंत्रित औषधं स्वतःसाठी काढून घेत असल्याचा संशय आहे. तिच्या रुग्णांना चार्टवर इंजेक्शन दिलेलं दिसतं, तरी त्यांचं दुखणं थांबत नाही. ती स्वतःहून नाइट मागून घेते. उरलेलं औषध टाकल्याची नोंद साक्षीदाराशिवाय असते. सर्वप्रथम काय? पाच जणांचं उत्तर: तिच्याशी एकांतात बोलावं.

“पाठीमागे जाऊन सांगायचं म्हणजे चहाडी झाली,” एक सिस्टर तावातावाने म्हणाली. दुसरी म्हणाली, “तिची नोकरी जाईल.” मी त्यांची भावना मोडीत काढली नाही, ती खरी आहे. फक्त त्या रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून बघा म्हटलं. त्याला मॉर्फिनऐवजी सलाईन मिळतंय. एकांतात विचारलं तर ती नाही म्हणेल, सावध होईल, औषध आणखी आडमार्गाने काढेल, आणि एखाद्या रात्री आपल्यालाच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडेल. नेमकं काय पाहिलं ते तारीखवार लिहून वरिष्ठांना सांगायचं. ती ड्युटीवर नशेत दिसली तर रुग्णांपासून लगेच बाजूला करायचं आणि एकटीला घरी पाठवायचं नाही. आपण आपल्या रुग्णांना म्हणतो की हा आजार आहे, यावर उपचार आहेत. तोच नियम आपल्या मैत्रिणीला.

तावातावाने बोललेली सिस्टर जाताना दारात थांबली. म्हणाली, पूर्वी एकीबद्दल मला कळलं होतं, मी गप्प राहिले. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

३ मार्च, सोमवार

गरोदरपण. दुसऱ्या चाचणीत इथेही चुका होत्या. ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईला ‘बाळासाठी सगळं बंद कर’ हे सांगावंसं वाटतं, पण योग्य उपचार म्हणजे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं. बंद केल्यावर पुन्हा घेणं सुरू होण्याचा आणि त्यात जीव जाण्याचा धोका मोठा. बाळाला विड्रॉवल झाला तर आधी औषध नाही: मंद उजेड, शांतता, गुंडाळून घेणं, आईजवळ ठेवणं. उपचारात स्थिर असलेल्या आईने, दुसरं कारण आड येत नसेल तर, अंगावर पाजावं.

१० मार्च, सोमवार

निदानाचे निकष झरझर घेतले. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) मधले व्यसनाचे ११ निकष. १२ महिन्यांत २-३ सौम्य, ४-५ मध्यम, ६ पासून पुढे तीव्र. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यात सहनशीलता आणि विड्रॉवल हे दोन निकष मोजायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची दारूच्या सेवनाबद्दलची ऑडिट चाचणी १० प्रश्नांची, ८ पासून पुढे धोका. केज या दारूबद्दलच्याच छोट्या चाचणीचे प्रश्न चार.

जोड्यांनी केलेल्या सीवा मापनाचा कागदही आज आला. गेल्या दोन आठवड्यांत दोघींच्या आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक एकदाच पडला, आणि तोही रुग्ण मधल्या वेळात खरोखर बिघडला म्हणून.

१९ मार्च, बुधवार

शेवटची बैठक. नवीन काही घेतलं नाही. झोप, ओळखपत्र, जाण्यायेण्याची वेळ एवढंच बोललो.

वॉर्डातून परत येताना दाखल-नोंदीचे कागद चाळले. ‘शेवटचं सेवन’ या रकान्यात पूर्वी ‘काल’ किंवा ‘रात्री’ असायचं. आज पाचही कागदांवर तास लिहिलाय. त्यातले दोन कागद परीक्षेला न बसणाऱ्या सिस्टरांनी भरलेले आहेत.

२२ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. ब्रदर म्हणाले वेळ पुरला. बाकी कोणाला मी काही विचारलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

निकाल. पाच उत्तीर्ण, दोन नाही. घरच्या माणसाबद्दल बोललेली सिस्टर उत्तीर्ण झाली.

राहिलेल्या दोघींचे विभागवार गुण बघितले. एकीचं उपचारनियोजन आणि समुपदेशन कच्चं राहिलं. ती ओपीडीत नोंदणीच्या खिडकीवर जास्त असते, रुग्णाशी सलग वीस मिनिटं बोलायची संधीच तिला मिळत नाही. इन्चार्ज सिस्टरशी बोलून तिला आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाच्या खोलीत घ्यायचं पक्कं केलं. दुसरी थोडक्यात राहिली, उत्तेजक द्रव्यं आणि इनहेलंटच्या प्रश्नांत. तो दोष माझा: मी हा भाग ‘आपल्याकडे कमी येतात’ म्हणून अर्ध्या तासात गुंडाळला होता. तिला तसं स्पष्ट सांगितलं.

सोमवारी चार वाजता दोघींना बोलावलंय. भिंतीवरची पट्टी काढलेली नाही. कोकेन आणि मेथअँफेटामिनसाठी तिच्याखाली दुसरी लावते: अंगाचा ताप, छातीतलं दुखणं, नंतरचे झोपेचे दिवस आणि त्या दिवसांतला आत्महत्येचा विचार. चिठ्ठ्या आजच कापून ठेवल्या.